फळीवरचं पितळी टोपण

लोणावळ्याहून तुंगार्लीच्या अंगानं वर चढत गेलं, की दोन कोसांवर आंबेखिंड लागायची. साठ-पासष्ट बंगले, बाजारपेठ म्हणून सात दुकानांची एक ओळ, आणि या सगळ्याचा कारभार पाहणारी एक कमिटी. कमिटीनं गावाला काय दिलं असं कुणी विचारलं तर लोक बोटं मोजायचे: रस्त्यावरचे अकरा कंदील, एक दवाखाना आणि टांग्यांचा अड्डा. कंदील निम्मे विझलेले असत, दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदा फिरकत, पण अड्डा मात्र नामी होता. वर लांबलचक पत्रा, खाली फरशी, मधोमध घोड्यांना पाणी प्यायला दगडी डोण. बावीस टांगे एका ओळीत उभे राहायचे. लीद, ओलं गवत, चाकांचं वंगण आणि टांगेवाल्यांच्या विड्या यांचा मिळून एक वास तिथं कायम असायचा. तो वास आज कुणाला सांगून कळायचा नाही, आणि ज्यांना न सांगता कळला असता ती माणसं आता राहिली नाहीत.

अड्डा कमिटीचा, म्हणून अड्ड्यात टांग्याला काही इजा झाली की तक्रारही कमिटीकडेच. वाऱ्यानं पत्रा सुटून टप फाटला, फरशी खचून चाक मोडलं, डोणीच्या कठड्यावर आपटून पायरी वाकली, असं वर्षभर काही ना काही चालूच. या तक्रारींचा निकाल लावायचं काम हौशीराम मुकादमाकडे होतं. हौशीराम मूळचा सुदुंबऱ्याचा, म्हणजे मावळाच्या कोरड्या अंगाचा. चार इयत्ता शिकलेला, सरळ, थोडासा ताठ. कायद्याचं पुस्तक त्यानं कधी उघडलं नव्हतं, पण नियम त्याला फार प्रिय. जिथं नियम नसेल तिथं तो स्वतः करायचा.

तक्रारीचा नियम त्यानं असाच केला. बाविसांपैकी एकाही टांगेवाल्याला लिहिता येत नव्हतं. कुणाकडून अर्ज लिहून आणावा, तर लिहिणारा आपल्या पदरचं तिखटमीठ घालायचा, आणि एक आरा मोडला असेल तर अर्जात अख्खं चाक मोडायचं. हौशीरामनं कागदच बंद केला. "तोंडानं काय सांगू नगा. जे मोडलंय त्याचा तुकडा आणा," असं त्यानं सांगून टाकलं. आणलेल्या तुकड्याला तो सुतळी बांधायचा, नावाची चिठ्ठी लावायचा आणि कचेरीतल्या खिडकीवरच्या फळीवर ठेवायचा. मग जागेवर जाऊन तपास. तपास झाला की अड्ड्यात डोणीच्या कठड्यावर उभं राहून, शेवटच्या टांग्यापर्यंत ऐकू जाईल असा निकाल वाचायचा. चूक कमिटीची निघाली तर कमिटीचा सुतार दुरुस्ती करून द्यायचा, टांगेवाल्याची निघाली तर ज्याचं त्यानं निस्तरायचं. काहीही निघो, निकालानंतर टांगेवाला कचेरीत यायचा आणि आपला तुकडा उचलून न्यायचा. तुकडा नेला म्हणजे निकाल मानला. सही नाही, अंगठा नाही.

ही पद्धत अशी लागू पडली की लोणावळ्याचे टांगेवालेसुद्धा तिचं नाव काढायचे. पावसाळ्यात फळी भरून जायची. आरे, कड्या, दिव्यांच्या काचा, पायरीचे पत्रे. बजरंग नावाचा एक टांगेवाला होता, अंगानं पैलवान आणि स्वभावानं खट्याळ. त्यानं एकदा मोडका आरा तर आणलाच, वर ज्यावर चाक आपटलं ती उचकटलेली फरशीही खांद्यावरून आणून टेबलावर ठेवली. "ह्यो आरोपी," म्हणाला, "पळून जायच्या आत बांधून ठिवा."

दसऱ्यापर्यंत फळी रिकामी व्हायची. एक तुकडा मात्र तिथून कधी हलला नाही. चाकाच्या मधोमध जो लाकडी तुंबा असतो, त्यावर बसणारं ते पितळी टोपण होतं, एका बाजूनं चेपलेलं. त्याची सुतळी दोनदा बदलली, चिठ्ठीवरची शाई उडाली, टोपण काळं पडलं, पण सतरा वर्षं ते होतं तिथंच होतं. चिठ्ठीवर नाव होतं अल्लाउद्दीनचं.

गोष्ट बावीस सालची. त्या वेळी अल्लाउद्दीन टपालाचा टांगा हाकायचा. पहाटेच्या गाडीनं लोणावळ्याला आलेली थैली दिवस वर यायच्या आत आंबेखिंडीत पोचवायची, हे काम कमिटीनं त्याच्यावर सोपवलं होतं. त्यासाठी त्याला एक लाल पट्टा मिळाला होता. तो छातीवरून तिरका घालून अल्लाउद्दीन टांग्यावर बसला की समोरून येणारा कुणीही असो, वाट द्यायचा. त्याच्या घोडीचे घुंगरू ऐकून बंगल्यांतले लोक घड्याळं लावायचे. चाँदबी, त्याची बायको, रोज संध्याकाळी तांब्यात निखारे घालून त्या पट्ट्याला इस्त्री करायची. कोऱ्या लुगड्याला एवढं जपलं नसेल एवढं तिनं त्या पट्ट्याला जपलं.

त्या श्रावणात चाँदबी पहिलटकरीण. दोन रात्री अल्लाउद्दीन सुईण आण, गरम पाणी कर, दारात येरझाऱ्या घाल, यातच होता. दुसऱ्या रात्री मुलगी झाली. तिचं नाव खुर्शीदा ठेवलं. पहाटे त्यानं नेहमीसारखी घोडी जोडली, लोणावळ्याहून थैली आणली, आणि अड्ड्याच्या तोंडाशी वळताना त्याचं उजवं चाक कोपऱ्याच्या धोंड्यावर आदळलं. तुंबा फुटला, टांगा कलंडला, थैली चिखलात गेली. घोडीला काही झालं नाही, अल्लाउद्दीनचं कोपर सोललं.

धोंडा कमिटीचाच होता. वळणारं चाक डोणीवर जाऊ नये म्हणून कोपऱ्यात पुरलेला, गुडघ्याएवढा. हौशीरामला तेव्हा नोकरीवर येऊन चारच महिने झाले होते. आल्या आल्या त्यानं नियमाप्रमाणे सगळ्या धोंड्यांना पांढराशुभ्र चुना दिला होता. सुदुंबऱ्याकडे रस्त्याकडेच्या धोंड्यांना असाच चुना देत. काळोख्या रात्रीही बैलगाडीवाल्याला ते लांबून दिसत.

अल्लाउद्दीन चेपलेलं टोपण घेऊन कचेरीत आला. "मुकादम, धोंडा दिसलाच न्हाई," एवढंच त्यानं सांगितलं.

हौशीराम दुपारी तपासाला गेला. योग असा की आठ दिवसांनी त्याच दुपारी धुकं विरलं होतं आणि लख्ख ऊन पडलं होतं. शंभर पावलांवरून धोंडा डोळ्यांत भरत होता.

"ह्यो दिसला न्हाई म्हणता?" हौशीराम म्हणाला.

"असं नव्हं, मुकादम. सकाळच्याला धुक्यात या अन् मग बघा."

"धुकं काय तुमच्या एकल्याच्याच टांग्याला लागतं व्हय? बाकीचे एकवीस जण वळत्यातच की."

"त्ये उन्हं वर आल्यावर येत्यात. टपाल पहाटंचं."

हौशीरामनं त्यावर जरा विचार केला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्याच्या डोक्यात दुसराच प्रश्न आला. "रातच्याला झोप झालती का?"

अल्लाउद्दीनला खोटं बोलता यायचं नाही, आणि त्यात लपवण्यासारखं होतं तरी काय! "न्हाई ना. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई," तो हसत हसत म्हणाला, "मुलगी झाली आमाला." हौशीरामनं ते हसणं तेवढं सोडून दिलं आणि बाकीचं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डोणीवर उभं राहून त्यानं निकाल वाचला. "धोंड्याला चुना दिलेला आहे. धोंडा लांबून दिसतो. टांगेवाल्यानं दोन रात्रींचं जागरण कबूल केलं आहे. लगाम हातात असताना त्याला डुलकी लागली. चूक टांगेवाल्याची."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तक्रार घेऊन गेलेला माणूस गुन्हेगार होऊन परत आला. डुलकी घेणाऱ्याच्या भरवशावर टपाल कसं ठेवायचं, म्हणून आठ दिवसांत लाल पट्टा बजरंगच्या छातीवर गेला. पट्टा गेला तेही सोसलं असतं. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? टांग्यात पाय ठेवता ठेवता माणसं विचारायला लागली, "काय अल्लाउद्दीन, जागा आहेस ना?" विचारणाऱ्याला गंमत वाटायची, आणि त्याला वाटायचं की हे पहिल्यांदा आपल्यालाच सुचलं. पाणवठ्यावर चाँदबीला बायका "डुलकीवाल्याची" म्हणायला लागल्या. चांगल्या बायका होत्या त्या, एकमेकींच्या बाळंतपणाला धावून जाणाऱ्या. पण चांगल्या माणसांच्या तोंडीही एकदा नाव बसलं की बसलं.

अल्लाउद्दीन भांडला नाही. त्यानं फक्त दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आपलं टोपण फळीवरून नेलं नाही. आणि दुसरं, टांगा हाकताना त्यानं घोडीशी बोलायला सुरुवात केली. "हां मैना, चल मैना, बघून मैना, हां बेटा." लोणावळ्याच्या स्टेशनापासून आंबेखिंडीपर्यंत हे एकदाही थांबायचं नाही. उतारूंना वाटायचं, काय लळा आहे घोडीचा! लळा तर होताच. पण मागं बसलेल्या माणसाला आपण जागे आहोत हे न विचारता कळावं, यासाठी ते होतं. पुढं घोड्या तीन बदलल्या, तिघींचं नाव त्यानं मैनाच ठेवलं. आणि टांग्यावर पाठ टेकून बसलेलं त्याला पुन्हा कुणी पाहिलं नाही.

अल्लाउद्दीनला धोंडा का दिसला नाही, याचं उत्तर हौशीरामला पुढच्या वर्षीच्या श्रावणात मिळालं. पावसानं चुना धुपतो म्हणून श्रावणात पुन्हा एक हात मारायचा, असा त्याचा नियम. बादली आणि कुंचा घेऊन तो पहाटेच निघाला. धुकं असं उतरलं होतं की दहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. अड्ड्याच्या तोंडाशी तो धोंडा शोधत चालला होता, आणि शेवटी धोंड्यानंच त्याला शोधलं. नडगी अशी शेकली की तो आडवा झाला आणि बादलीतला चुना त्याच्याच अंगावर आला.

तो तिथंच चिखलात बसून राहिला. पांढरं धुकं आणि त्यात पांढरा धोंडा. वीतभर अंतरावरचा धोंडा त्याला दिसला नव्हता. पलीकडे डोणीचा कठडा होता, त्याला चुना नव्हता. तो काळा कठडा मात्र धुक्यातही उठून दिसत होता. पहाटे टपाल घेऊन येणारा बजरंग वळणाशी उतरून घोडा हातानं का वळवतो, तेही त्याला आता कळलं. मग त्याला आठवलं, आपण येण्याआधी हा धोंडाही काळाच होता, आणि तेव्हा त्यावर कुणी आपटल्याची एकही गोष्ट त्यानं ऐकली नव्हती. सुदुंबऱ्याचा नियम त्यानं धुक्याच्या गावात आणून पुरला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं चुन्याखाली होता.

त्याच दिवशी त्यानं शेडच्या खांबांना लावायचं डांबर आणून धोंड्याला फासलं. शेंदरी रंग जास्त शोभला असता, पण शेंदूर लावला असता तर दुसऱ्या दिवशी तिथं नारळ फुटला असता आणि मग धोंडा हलवायची प्राज्ञा कुणाची होती? डांबरच बरं. त्यानंतर त्या धोंड्याची तक्रार आली नाही.

दुसऱ्या दिवशी अल्लाउद्दीननं वळणावर टांगा थांबवला. काळ्या धोंड्याकडे पाहिलं, मग शेडमध्ये उभ्या असलेल्या हौशीरामकडे पाहिलं. हौशीरामच्या नडगीला तेव्हा चिंधी बांधलेली होती. अल्लाउद्दीननं लगाम उचलला. "हां मैना" करून टांगा आत नेला.

हौशीरामनं त्याच वेळी डोणीवर चढायला हवं होतं. तो दोन पावलं निघालाही होता. पण नोकरी कायम व्हायची होती. निकालाच्या कागदावर कमिटीच्या चेअरमनसाहेबांची सही होती. आपलाच निकाल आपणच खोटा म्हटला तर पुढचे निकाल कोण मानणार, असंही त्याच्या मनात आलं. कारणं शोधायला बसलं की कारणांना तोटा नसतो. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्ष गेलं, आणि एक वर्ष गेल्यावर दुसरं जायला वेळ लागत नाही.

दसऱ्याला फळी पुसताना तो दर वर्षी अल्लाउद्दीनला हाक मारायचा. "टोपण न्या की आता."

"असू द्या मुकादम. तितंच बरं हाय."

बस्स, एवढंच. त्यात राग नसायचा. राग असता तर हौशीरामला बरं वाटलं असतं. एरवी दोघांचं छान होतं. हौशीरामची बायको रतनबाई तापानं फणफणली तेव्हा भर पावसात तिला लोणावळ्याला नेणारा टांगा अल्लाउद्दीनचाच होता. ईदेला हौशीराम त्याच्या घरी शिरखुर्मा प्यायला जायचा. चाँदबी वाटी पुढं करायची, पदर सावरायची आणि आत जायची. सतरा ईदी झाल्या, पण ती त्याच्याशी शब्द बोलली नाही. रतनबाई म्हणायची, "तुमी त्या घरचं ग्वाड खाता, पर तुमाला पचत न्हाई. का त्ये मला ठाव न्हाई, पर पचत न्हाई." खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

मग मोटारी आल्या. आधी एक, मग चार, मग लोणावळ्याहून आंबेखिंडीपर्यंत सर्व्हिसच सुरू झाली. बावीस टांग्यांचे दहा झाले, दहाचे पाच झाले. टपालही मोटारीनं यायला लागलं आणि बजरंगनं आपला लाल पट्टा घडी करून ट्रंकेत ठेवला. अड्ड्याच्या पत्र्याखाली पेट्रोलचा वास आला. मोटारींच्याही तक्रारी येत, मडगार्ड चेपलं, दिवा फुटला, पण त्या टाईप केलेल्या कागदावर येत. तुकडा घेऊन कुणी येत नसे. फळीवर एकटं टोपण राहिलं.

एकोणचाळीस सालच्या श्रावणात हौशीरामची नोकरी संपली. शेवटच्या दिवशी सकाळीच नवे चेअरमन कचेरीत आले. हे पुण्याहून येऊन इथं बंगला बांधून राहिलेले, घाईचे गृहस्थ.

"मुकादम, ती फळी आज काढून टाका. तिथं कपाट ठेवायचंय. आणि उद्यापासून अड्ड्याचं काम सुरू होईल. ती डोण, तो कोपऱ्यातला धोंडा, सगळं काढून मोटारींना जागा करायचीय."

"फळीवर एक टोपण हाय, साहेब."

"कसलं?"

"एक तक्रार ऱ्हायलीया."

"कधीची?"

"बावीस सालची."

चेअरमन हसले. "अहो, फेकून द्या ते."

हौशीरामनं टोपण उचललं. सुतळी सोडून चिठ्ठी खिशात ठेवली. उद्या डोण जाणार होती. निकाल डोणीवरून वाचला होता, आणि फिरवायचा तर तो तिथूनच फिरवायला हवा. उद्या फिरवायला जागाही राहणार नव्हती. तो टोपण मुठीत घेऊन तसाच अड्ड्याकडे निघाला. चेअरमन मागून काहीतरी विचारत होते, ते त्यानं ऐकलं नाही.

धुकं दाट होतं. शेडमध्ये तीन मोटारी आणि कडेला पाच टांगे. हौशीरामनं मान फिरवून माणसं मोजली. तो पहिला निकाल ऐकलेले बावीस जण होते. त्यातले आता दोघेच उरले होते, बजरंग आणि अल्लाउद्दीन; बाकीचे तीन टांगे नव्या पोरांच्या हातात होते. कुणी वारलं, कुणी पवन मावळात शेतीवर गेलं, कुणी मुंबईला मुलाकडे. ज्यांच्यासमोर माणसाला खाली पाहायला लावलं, ती माणसंच आता नव्हती. आपण किती उशीर केला हे हौशीरामला तेव्हा खरं कळलं.

तरी तो डोणीवर चढला. पंचावन्नाव्या वर्षी गुडघा सहज वर येत नाही. बजरंगनं पुढं होऊन हात दिला.

"निकाल!" हौशीराम ओरडला. जुना आवाज अजून शाबूत होता. मोटारवाले वळून पाहायला लागले. एक जण हसला. "बावीस सालची तक्रार. अल्लाउद्दीन टांगेवाल्याचं चाक ह्या धोंड्यावर फुटलं. मी निकाल दिला, टांगेवाल्याला डुलकी लागली. निकाल खोटा. टांगेवाला जागा हुता. धोंडा धुक्यात दिसत नव्हता, कारण मी त्याला पांढरा चुना दिलता. पुढल्याच सालाला मला त्ये कळलं. मी डांबर फासलं अन् गप बसलो. चूक मुकादमाची. टपालाचा पट्टा जायला नको हुता. अल्लाउद्दीनभाई जागा हुता." हे शेवटचं तो पुन्हा म्हणाला, "जागा हुता."

मोटारवाल्यांना काही समजलं नाही. त्यातला एक जण म्हणाला, "म्हाताऱ्याचं काय बिनसलंय?" बजरंगनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मोटारीच्या काचा पुसायला घेतल्या. मग बजरंगनं डोक्याची टोपी काढली. "त्यो पट्टा घालताना मला रोज वाटायचं," तो अल्लाउद्दीनला म्हणाला, "ह्यो आपला न्हवं."

अल्लाउद्दीन घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा होता. दाढी पार पिकली होती. बराच वेळ तो घोडीची आयाळच सारखी करत राहिला. हौशीराम खाली उतरला आणि मूठ उघडून टोपण त्याच्यापुढं धरलं. अल्लाउद्दीननं ते घेतलं नाही.

"टांग्यात बसा, मुकादम."

"कुटं?"

"घरी. हितं आयकाय कोन हाय? जिनं आयकाय पायजे ती घरी हाय."

चाँदबी दारात बसून तांदूळ निवडत होती. दोघांना एकत्र आलेलं पाहून ती उठायला लागली. "बस," अल्लाउद्दीन म्हणाला, "मुकादमांना काय वाचायचंय." हौशीरामच्या हातात कागद नव्हताच. अंगणात उभं राहून, हात जोडून, त्यानं सगळा निकाल पुन्हा सांगितला. डोणीवर चढला नव्हता एवढाच फरक.

चाँदबीच्या मांडीवर सूप तसंच राहिलं. सतरा वर्षांनी ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"लय येळ लावला, भाऊ."

"व्हय, वैनी."

"आमची खुर्शीदा दोन पोरांची आई झाली. ती जन्मली त्याच्या दुसऱ्याच दिसाला तुमी आमच्या घरावर डुलकी लिवली. लोक आमाला म्हनायचे, पोर झाली अन् बाप झोपला." तिनं डोळ्यांना पदर लावला. "ह्यो मानूस घरातसुदिक पाठ टेकून बसत न्हाई आता. सवयच ऱ्हायली न्हाई."

हौशीरामनं टोपण पुन्हा पुढं धरलं. या वेळी अल्लाउद्दीननं ते घेतलं, बोटानं त्याची चेपलेली बाजू चाचपली आणि म्हणाला, "ह्ये बसायचं न्हाई आता. चाक कवाच बदाललं." मग ते चाँदबीच्या हातात दिलं. ती सूप बाजूला ठेवून आत गेली आणि मोरीतून तिचा आवाज आला, "चिंच लावून घासते. किती काळं पडलंय बगा." घासल्याचा आवाज चहा होईपर्यंत येत होता. दोघं ओट्यावर बसून तो ऐकत राहिले.

परत निघाले तेव्हा धुकं होतंच. "तुमाला अड्ड्यात सोडतो," अल्लाउद्दीन म्हणाला, "कचेरीतलं सामान घ्यायचं आसंल." हौशीराम पुढं त्याच्या शेजारी बसला. रस्ता दोघांच्याही पायाखालचा. बंगल्यांची फाटकं येत होती आणि जात होती. एका बंगल्यात कुणी म्हातारे साहेब राहायचे, घुंगरू ऐकून घड्याळ लावणारे. ते गेले त्यालाही आठ वर्षं झाली होती. हौशीराम त्या दिवसांचं काहीबाही मनात घोळवत बसला होता. "हां मैना, चल मैना, बघून मैना." शेजारी ते चालूच होतं. मग केव्हातरी त्याला चुकल्यासारखं वाटलं. काय चुकतंय ते त्याला चटकन कळेना. नुसते घुंगरू वाजत होते.

त्यानं वळून पाहिलं. अल्लाउद्दीनची पाठ मागच्या फळीला टेकली होती. हनुवटी छातीवर आली होती. लगाम सैल, तोंड किंचित उघडं. लहान पोरासारखा गाढ झोपला होता.

हौशीरामनं हात उचलला तो त्याला हलवायला. तो हात तसाच राहिला. मग हलकेच त्यानं लगाम अल्लाउद्दीनच्या बोटांतून सोडवून आपल्या हातात घेतला. हाकायची गरज नव्हती. मैना आपल्या वाटेनं चालली होती. अड्ड्याचं वळण आलं, धुक्यातून काळा धोंडा वर आला, आणि हातभर जागा सोडून मैना वळली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. हौशीरामनं अंगावर पांघरलेलं धोतराचं जुनं पान अल्लाउद्दीनच्या खांद्यावर घातलं.

इतक्यात हातात ट्रंक घेतलेला एक गृहस्थ धुक्यातून पुढं आला. "लोणावळ्याला येणार का हो? गाडी गाठायचीय." मग त्यानं वाकून आत पाहिलं. "अरे, हा तर झोपलाय की!"

"व्हय," हौशीराम हळू आवाजात म्हणाला. "झोपू द्या त्यास्नी. तुमी पलीकडं बजरंगचा टांगा बघा."

गृहस्थ कुरकुरत गेला. ट्रंकेच्या आवाजानं घोडीनं कान टवकारले आणि पाय हलवला. तिनं टांगा ओढू नये म्हणून हौशीराम लगाम धरून तिच्याशी हलकेच बोलू लागला. "हां मैना. उभी ऱ्हा मैना. हां बेटा."